आई गेल्यावर वडील कोल्हापुरात एकटेच राहतात. आमच्या फ्लॅटमध्ये सगळी सोय आहे. त्यांना पुण्याला आमच्याकडे आणावं का?

"फ्लॅटमध्ये सगळी सोय आहे" असं तुम्ही लिहिलंय, म्हणून उत्तर द्यायला बसले. माझ्या दादाचं अगदी हेच वाक्य होतं.

आमचे आबा शिवाजी पेठेतले. पहाटे रंकाळ्याला फेरी, संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्टा. समोर म्हशीची धार काढलेली, फेसाळ ग्लास हातात आणि चौघं मिळून खासबागेतल्या जुन्या कुस्त्या परत लढायचे. आई गेली आणि दादानं त्यांना पुण्याला नेलं. नववा मजला, स्वयंपाकाला बाई, औषधं वेळेवर. चार महिन्यांत आबा बोलायचेच बंद झाले. विचारलं एक की उत्तर भलतंच. दादा म्हणाला, वय झालं, विसर पडतोय. मी म्हटलं, माणसं तुटलीत त्यांची. दिवाळीला मी त्यांना परत आणलं, त्यावरून आम्ही बहीणभाऊ वर्षभर बोललो नाही.

पण इथं येऊनही आबा कट्ट्यावर जाईनात. कान तपासले, तर ऐकूच कमी येत होतं. सगळे हसले की आपण कशाला हसायचं ते कळत नाही, याची त्यांना लाज वाटायची. पुण्यात हे लक्षात आलं नाही, कारण दिवसभरात त्यांच्याशी कुणी दोन वाक्यांपलीकडे बोलतच नव्हतं. कानाला मशीन बसवलं, शेजारचे काका रोज हाक मारायला लागले, तेव्हा कुठं उंबरा ओलांडला. आता एक दिवस गेले नाहीत तर दुसऱ्या दिवशी कट्ट्यावरचं कुणीतरी दारात उभं असतं.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंशावरच्या अहवालात, ज्यावर काहीतरी करता येतं अशी १४ कारणं दिलीत. ऐकू कमी येणं आणि माणसांत न मिसळणं, दोन्ही त्यात आहेत. दादाला मी ते पाठवलं होतं. गोळ्यांचा डबा भरून दिला की काळजी घेतली असं होत नाही.

तेव्हा माझं स्पष्ट मत, आणू नका. आधी कान तपासा आणि ते रोज कुणाकुणाला भेटतात ते त्यांनाच विचारा. हां, तोल जाऊन पडत असतील, गॅस चालू ठेवून विसरत असतील तर एकटं ठेवू नका. काही जण नातवंडांत खरंच रमतात, तेही मी पाहिलंय. न्यायचंच असेल तर आधी महिनाभर न्या.

घर मात्र विकू नका. दादा पेठेतलं घर विकायला निघाला होता. किल्ली मी दिली नाही, म्हणून आबांना परत यायला दार राहिलं.