दृष्टी अधू असलेली किशोरवयीन मुलं संकटातून खरंच अधिक कणखर होतात का?

होतात, पण आपोआप नाही. रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅलहून या मानसशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये संकटानंतर माणसात होणारी अशी मानसिक वाढ मोजण्यासाठी प्रश्नावली मांडली. त्यांचं म्हणणं असं, की वाढ संकटामुळे होत नाही, संकटाशी झुंजताना होते. आणि दुःख त्यासोबतच राहतं. म्हणून चौदा वर्षांच्या मुलाला ‘जे होतं ते चांगल्यासाठीच’ असं कृपया सांगू नका. त्याला आधी रडू द्या, चिडू द्या.

जन्मतः न दिसणाऱ्या मुलाची गोष्ट वेगळी असते, कारण त्याने काही गमावलेलं नसतं. त्याला जास्त बोचतं ते मित्रांनी खेळात न घेणं, सगळ्यांनी कीव करणं. दृष्टी हळूहळू जाणाऱ्या मुलाला मात्र उद्या किती दिसेल याची धास्ती असते, आणि वर्गात पांढरी काठी उघडायची लाज वाटते. माझ्या मते ती काठी पहिल्यांदा चारचौघांत उघडणं हेच मोठं पाऊल आहे.

लुई ब्रेल यांनी १८२४ मध्ये, अवघ्या पंधराव्या वर्षी, सहा टिंबांची लिपी तयार केली. पण त्यांना शाळा मिळाली होती, आणि चार्ल्स बार्बिये यांची टिंबांची लिपी हाताशी होती, हे आपण विसरतो.

तेव्हा मुलाला ब्रेल, स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर), एकट्याने फिरायचं प्रशिक्षण मिळवून द्या. त्याच वाटेने गेलेल्या थोड्या मोठ्या मुलामुलींशी त्याची गाठ घालून द्या. आणि रस्ता चुकला तर लगेच हात धरू नका, आधी विचारा.