वंचित मुलांना विज्ञान-गणित शिकवणाऱ्या शिक्षकांचा खरा सन्मान कसा करावा?

मानपत्र द्याच, पण सोबत पैसा आणि कामासाठी मोकळा वेळही द्या. अमेरिकेतल्या बॉब मोझेस यांना १९८२ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप (हवं ते काम करायला विनाअट दिला जाणारा पैसा) मिळाली आणि तिच्या बळावर त्यांनी ‘अल्जिब्रा प्रोजेक्ट’ हा बीजगणित शिकवण्याचा उपक्रम उभा केला. बीजगणित कच्चं राहिलं की गरीब आणि कृष्णवर्णीय मुलांसाठी पुढच्या विज्ञानशिक्षणाची दारं बंद होतात, हे त्यांनी ओळखलं होतं. मिसिसिपीत मतदानाच्या हक्कासाठी लढलेला हा माणूस गणित येणं हाही नागरी हक्कच मानायचा! अमेरिकेत विज्ञान-गणिताच्या शिक्षकांसाठी राष्ट्राध्यक्षांचा पुरस्कारही आहे, १०,००० डॉलरचा.

निवड करताना मात्र नुसते पहिले नंबर मोजू नका. गणिताला घाबरणारी किती मुलं पुढचा अवघड विषय घ्यायला तयार झाली, ते त्या मुलांनाच विचारा.