‘क्यू’ शेवटी आला, पण ‘आय’ कधी गेला?

दादर, मंगळवार

प्रिय पोरी,

स्क्रॅबलच्या स्पर्धेतल्या डावाबद्दलचा तुझा मेसेज रविवारी रात्रीच वाचला होता. ‘मावशी, 14 गुणांनी हरले. शेवटी क्यू आला. नशीबच फुटकं.’ सोबत स्कोअरशीटचे तीन फोटो. उत्तर मुद्दाम दिलं नाही. एकतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली, त्यात एक गोष्ट हाडात मुरली: ज्या दिवशी मजकूर लिहिला त्या दिवशी लिहिणाऱ्याला त्यातली चूक दिसत नाही. त्याला काय लिहायचं होतं तेच दिसतं. रविवारी तुला फक्त क्यू दिसत होता. आज मंगळवार आहे, आता बोलू.

काल रात्री तुझा डाव माझ्या बोर्डावर पुन्हा मांडला. प्रत्येक चालीला रॅकवर, म्हणजे समोरच्या पट्टीवर, कोणती अक्षरं होती ते तू लिहून ठेवलंस, याबद्दल शाबास. निम्मे खेळाडू नुसते गुण लिहितात आणि मग घरी जाऊन कशाचं विश्लेषण करतात, देव जाणे.

आधी क्यू, कारण तोच झोंबलाय. तुझ्या त्या चालीच्या वेळी पिशवीत 3 टाइल्स (अक्षरांच्या चकत्या) होत्या आणि समोरच्या मुलीकडे 7. म्हणजे तुला न दिसणाऱ्या 10, आणि क्यू त्या दहांतच. तो पिशवीत असण्याची शक्यता दहात तीन. तू तीन टाइल्स लावून 19 गुण घेतलेस, पिशवी रिकामी केलीस, आणि त्या तिनांत तुझा एकुलता एक आय गेला. दुसरी एक चाल होती, तीही तीन टाइल्सचीच, 15 गुणांची, आय हातात ठेवणारी. ती तुला सुचली नव्हती असं नाही. शीटच्या कडेला पेन्सिलने लिहून खोडली आहेस.

आता हिशेब मांड. क्यू हातात अडकला की समोरची आपल्या टाइल्स संपवते तेव्हा त्याचे दुप्पट, म्हणजे 20 गुण तिला जातात. पिशवीत सातपेक्षा कमी टाइल्स उरल्या की बदलूनही घेता येत नाही. आय हाताशी असता तर ‘क्यूआय’ लावून कमीत कमी 11 मिळाले असते. (चिनी प्राणशक्ती, उच्चार ‘ची’. आपल्या खेळात मात्र ती क्यूपासून सुटका करून घेण्यापुरतीच.) दोन्ही मिळून 31 गुणांचा फरक. त्याचे तीन दशांश धर, नऊच्या वर जातात. नऊ गुणांचा विमा तू चार गुणांसाठी सोडलास. समोरचीने ती जागा अडवली असती, असं म्हणशील. कदाचित अडवली असती, पण मग तिची एक चाल त्यात गेली असती.

तरी माझ्या मते तू तिथे हरली नाहीस. हरलीस चौथ्या चालीला, आणि त्या चालीबद्दल तुझ्या मेसेजमध्ये अवाक्षर नाही.

रॅक होता के, टी, ए, ई, एन, आय, आर. तू ‘टेकन’ लावलंस, 24 गुण, आणि हातात आय-आर ही नावडती जोडी. बारावीला जीवशास्त्र होतं ना तुला? केसांत आणि नखांत काय असतं? ‘केराटिन’! सातही टाइल्स लागल्या की 50 जास्तीचे, अक्षरांचे 11, म्हणजे जागा कितीही साधी असली तरी 61. उजवीकडे जागा मोकळी होती, मी लावून पाहिलं. पेपरात हा शब्द तू दहा वेळा लिहिला असशील. रॅकवर तोच तुझ्यासमोर उलटासुलटा बसला होता आणि तू ओळख दिली नाहीस. डाव संपला तेव्हा तुझ्या 25 मिनिटांपैकी 11 शिल्लक होती, हेही शीटवर आहे. ती घरी नेऊन काय करणार होतीस?

म्हणून चूक म्हणजे काय ते आधी ठरवू. जो शब्द तुला ठाऊकच नव्हता, ती चूक नव्हे, तो अभ्यासक्रम. वहीत लिही आणि विसर. ठाऊक असून दिसला नाही, ती सरावाची चूक. तिच्यावर माझा राग नाही, पण मेहनत सगळी तिथेच घालायची. आणि दिसूनही सोडला, जसा पेन्सिलने खोडलेला तो 15 गुणांचा, तिथे मात्र थांबून स्वतःला विचारायचं की त्या क्षणी डोक्यात काय चाललं होतं. घाई? हाव? की पलीकडच्या टेबलावरचा टाळ्यांचा आवाज? मला विचारशील तर माझे निम्मे पराभव ऐटीपायी झाले. छान शब्द सुचला की तो लावल्याशिवाय मला राहवत नसे, गुण कमी असले तरी.

न दिसण्यावर उपाय म्हणजे टाइल्स हलवत राहणं. तू रॅक एकदा लावतेस आणि मग त्याच्याकडे टक लावून बसतेस. ‘रेटिना’ची सहा अक्षरं पाठ कर आणि सातवं बदलत जा. सी आला की ‘सर्टन’, पी आला की ‘पेंटर’, एच आला की ‘हेअरनेट’, के आला की तुझा ‘केराटिन’. ठाण्याहून येताना गाडीत हेच करत बस, मोबाइलवर रील्स बघण्यापेक्षा बरं.

गाडीवरून आठवलं. सातवी, आठवी आणि नववी चाल. तिन्ही वेळा तू एकेक टाइल लावून पाच-सात गुण घेतलेस आणि बिंगोसाठी, म्हणजे सातही टाइल्स एकदम लावण्यासाठी, एसची वाट पाहत बसलीस. फास्ट येईल म्हणून तीन स्लो सोडणारी माणसं दादरला रोज दिसतात. एक स्लो सोडणं कधीकधी शहाणपणाचं असतं. हातातली अक्षरं खरंच चांगली असतील तर मीही सोडते. पण निदान इंडिकेटर तरी बघशील की नाही? एस एकूण चारच असतात. सातव्या चालीपर्यंत चारही बोर्डावर आले होते. ती फास्ट रद्द झाली होती, बाई! तुझा ट्रॅकिंगचा, म्हणजे कुठली अक्षरं येऊन गेली त्याच्या नोंदीचा, कागद सहाव्या चालीनंतर कोरा आहे, मग कळणार कसं?

चारच का, याची एक गोष्ट सांगते, प्रुफं तपासणाऱ्या बाईला आवडणारी. हा खेळ रचला अल्फ्रेड बट्स नावाच्या अमेरिकन वास्तुविशारदाने, 1930च्या दशकातल्या मंदीत काम गेल्यावर. वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजून त्याने कुठलं अक्षर किती वेळा ठेवायचं ते ठरवलं. ई बारा ठेवले, पण एस मुद्दाम आवरला, नाहीतर जो तो अनेकवचनं करत सुटला असता. म्हणून एस हातात असला की त्याची किंमत आठेक गुण धर. त्याने तेवढी भर पडत नसेल तर ठेवून दे. ब्लँक, म्हणजे कुठलंही अक्षर मानता येणारी कोरी टाइल, तर पंचवीसच्याही वरचा. दुसऱ्या चालीला तू एस तीन गुणांच्या फायद्यासाठी उडवलास. पुढे सविस्तर लिहीत नाही, तुला कळलं असेल.

मेसेजच्या शेवटी लिहिलंस, ‘कॉन्व्हेंटवाल्यांसारखं इंग्रजी नाही माझं.’ हे वाचून मी चहा खाली ठेवला. 2007 साली याच मुंबईत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, ती न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सने जिंकली. त्याच माणसाने 2015 साली फ्रेंच भाषेतलं जागतिक विजेतेपद मिळवलं, फ्रेंच बोलता येत नसताना. इथे भाषेचा गोडवा कामाला येत नाही, खेळात चालणाऱ्या शब्दांची यादी येते. आणि ‘घेराव’ हातात असून तू लावला नाहीस, ‘आपला शब्द’ म्हणून! जीएचईआरएओ, तो यादीत आहे. लाठी, बंद, रोटी, लाख हेही आहेत. स्पेलिंग त्यांच्या पद्धतीने पाठ कर, एवढंच.

क्वॅकल या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरवर डाव घालणार असशील तर आधी माझं ऐक. ते प्रत्येक चालीनंतर हातात काय उरतं त्याचीही किंमत धरतं आणि पुढच्या चाली हजारो वेळा खेळून बघतं. म्हणून आधी प्रत्येक चालीशेजारी स्वतःचं मत लिही आणि मगच ते उघड. नाहीतर तू फक्त मान डोलावशील. दोन-तीन गुणांचा फरक दाखवला तर सोडून दे. दहाच्या वर गेला तर थांब.

शनिवारी ये. येताना जिंकलेले दोन डावही आण, विशेषतः पहिल्या फेरीतला, 90 गुणांनी जिंकलेला. त्यात काय काय झाकलं गेलंय ते मला बघायचंय. वडे मी करते, पाव कोपऱ्यावरून तू आण.

तुझी,
मावशी

ता. क. रेटिनात जी आला तर? रोजचे वाटावेत असे दोन शब्द तरी आहेत, त्यातला एक तुमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर. फोनवर सांगू नकोस, शनिवारी टाइल्स लावून दाखव.