नापास होऊन खचलेल्या पंधरा वर्षांच्या मुलापुढे कोणाचा आदर्श ठेवावा?

तुमचा मुलगा 15 वर्षांचा. गणितात नापास झाल्यापासून पुस्तकाला हात लावत नाही. थोरामोठ्यांची चरित्रं आणून दिली, प्रेरणादायी व्हिडिओ दाखवले. तो "हो, बघितलं" म्हणतो आणि खोलीत निघून जातो. आता कोणाचं उदाहरण द्यावं, हा तुमचा प्रश्न.

आधी एक गोष्ट तपासा. दोन आठवड्यांहून जास्त काळ तो सतत उदास असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, मित्रही तोडले असतील, तर हे प्रकरण प्रेरणेचं नाही. समुपदेशक किंवा डॉक्टरांकडे न्या. जगण्यात अर्थ नाही, अशी भाषा आली तर त्याच दिवशी न्या.

तसं काही नसेल, तर नवीन नाव शोधत बसू नका. त्याच माणसांच्या आयुष्यातलं वेगळं पान उघडा. आपण मुलांना बहुतेक वेळा शेवटचं पान दाखवतो: पदक, पुरस्कार, सत्कार. नापास झालेल्या मुलाला त्यातून एवढंच कळतं की ही माणसं वेगळ्याच मातीची होती. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात नववी-दहावीच्या 402 विद्यार्थ्यांना आइन्स्टाइन, मेरी क्युरी आणि फॅरडे यांच्याबद्दल वाचायला दिलं होतं. काहींना त्यांच्या धडपडीच्या गोष्टी मिळाल्या, काहींना फक्त यशाच्या. धडपड वाचणाऱ्यांचे विज्ञानाचे गुण सुधारले, त्यातही आधी मागे असलेल्यांचे जास्त. नुसतं यश वाचणाऱ्यांना असा फायदा झाला नाही.

पण धडपड खरी हवी. "आइन्स्टाइनसुद्धा गणितात नापास झाला होता" ही थाप आहे आणि मुलं ती अर्ध्या मिनिटात मोबाईलवर पकडतात. खरी हकीकत जास्त उपयोगाची आहे. 1895 मध्ये, 16 व्या वर्षी, तो झुरिकच्या तंत्रशिक्षण संस्थेची प्रवेश परीक्षा नापास झाला. गणित आणि भौतिकशास्त्र उत्तम होतं. बाकीच्या विषयांत कमी पडला. मग आराऊ गावच्या शाळेत एक वर्ष काढून त्याने राहिलेलं शिक्षण पूर्ण केलं आणि 1896 मध्ये त्याच संस्थेत प्रवेश मिळवला. 1900 साली पदवी हातात आल्यावरही विद्यापीठात नोकरी मिळेना. 1902 मध्ये तो बर्नच्या पेटंट कार्यालयात लागला.

अशी एक हकीकत घ्या आणि मुलाला कागदावर तीन उत्तरं लिहू द्या: नेमकं काय बिघडलं? त्यानंतर लगेच त्या माणसाने काय केलं? मदत कोणाची घेतली? "जिद्द सोडली नाही" हे उत्तर चालवून घेऊ नका, कारण ते उद्या सकाळी करता येत नाही. "एक वर्ष दुसऱ्या शाळेत जाऊन कच्चे विषय भरून काढले" हे करता येतं.

मग चौथा प्रश्न: यातलं मी या आठवड्यात काय करू शकतो? वेळ, जागा आणि माप लिहिलेलं असावं. उदाहरणार्थ: संध्याकाळी 7 वाजता, जेवणाच्या टेबलावर, 25 मिनिटं, परीक्षेत चुकलेली 3 गणितं. अडलं तर काय, हेही आधीच ठरवा: 10 मिनिटं झटापट, तरी सुटलं नाही तर खूण करून पुढचं गणित. एखादा दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. दुप्पट करायला लावलं की थकबाकी साचते आणि मूल सगळंच सोडून देतं. तीन आठवडे हेच चालू द्या. मध्ये नवं काही जोडू नका.

दूरच्या माणसापेक्षा जवळचा आदर्श बऱ्याचदा जास्त काम करतो. त्याच विषयात अडखळून पुढे सावरलेला, दोन-चार वर्षांनी मोठा, ओळखीतला दादा किंवा ताई शोधा. टॉपरला बोलावू नका. ज्याला विषय कधी जड गेलाच नाही, त्याला जड विषय हलका कसा केला हे कुठून सांगता येणार? अर्ध्या-पाऊण तासाची एक भेट पुरते. त्याला आधीच सांगून ठेवा: उपदेश नको, सगळ्यात वाईट महिना कसा गेला आणि पुढच्या महिन्यात काय बदललं एवढंच सांग. जुन्या चुकांनी भरलेली वही आणली तर उत्तमच. भेट घरी होऊ द्या, पण तुम्ही शेजारच्या खोलीत बसा. पालक समोर असले की दोघंही शहाण्यासारखं बोलू लागतात.

बहुतेक घरांत मामला बिघडतो तो तुलनेने. "त्याने दिव्याखाली अभ्यास केला, तुला सगळं असून..." या वाक्याने तो आदर्श कायमचा जातो, मुलगा आता त्या माणसाचाच राग करतो. रात्र-रात्र जागून यश मिळवलेल्यांच्या कथाही जपून सांगा. 13 ते 18 या वयात 8 ते 10 तास झोप लागते, आणि अर्धवट झोपेत सोडवलेलं गणित डोक्यात राहत नाही.

त्याने स्वतः एखादा गेमर किंवा रॅपर निवडला तर हसू नका. तेच तीन प्रश्न विचारा. चांगला गेमर हरलेल्या सामन्याचं रेकॉर्डिंग पुन्हा पाहून चूक शोधतो; तपासलेल्या उत्तरपत्रिकेचं नेमकं तेच करायचं असतं, आणि हे मुलाला तुमच्यापेक्षा त्या गेमरकडून लवकर पटेल. माणूस पूर्ण स्वीकारायची गरज नाही. सरावाची पद्धत एकाकडून घ्यावी, हरल्यावर वागावं कसं हे दुसऱ्याकडून. म्हणजे पुढे त्यातला एखादा बदनाम झाला तरी मुलाची सवय त्याच्याबरोबर बुडत नाही.

आठवड्यातून एकदा 10 मिनिटं त्याच्याजवळ बसा आणि गुण न विचारता "कुठे अडलं, मग काय केलंस?" एवढंच विचारा. तुमचंही त्या आठवड्यात काही फसलं असेल, तर ते आणि त्यावर केलेला उपाय त्याच वेळी सांगून टाका.