ओबामांनंतर डेमोक्रॅटिक उमेदवारांबद्दलचा उत्साह आटला का?

२००८ मध्ये ओबामांसाठी उसळलेली लाट हिलरी, बायडन आणि हॅरिस यांच्या वाट्याला का आली नाही, असं तुम्ही विचारलं आहे. मी मिशिगनमध्ये राहते. २०१६ पासून इथे अध्यक्षपदाची प्रत्येक निवडणूक अटीतटीची झाली आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्या फार जवळचा आहे. सभांची गर्दी आणि समाजमाध्यमांवरचा जल्लोष यांवरून उत्साह मोजायला गेलात तर फसाल. मागच्या वेळी मत दिलेला माणूस या वेळी घरी का बसला, हे आधी बघायला हवं.

शेजारच्या विस्कॉन्सिनचंच बघा. २०१२ मध्ये तिथे ओबामांना सुमारे १६ लाख २१ हजार मतं पडली. २०१६ मध्ये हिलरींना पडली जेमतेम १३ लाख ८३ हजार. गंमत म्हणजे ट्रम्पना तिथे २०१२ चे रिपब्लिकन उमेदवार मिट रॉम्नी यांच्यापेक्षाही थोडी कमीच मतं मिळाली, तरी ते सुमारे २३ हजारांनी जिंकले. काही मतदार ट्रम्पकडे वळले, काही छोट्या पक्षांकडे गेले, पण डेमोक्रॅट्सचा बालेकिल्ला असलेल्या मिलवॉकी शहरात एकूण मतदानच सुमारे ४१ हजारांनी घटलं. ओळखपत्राचा नवा कडक नियम हे त्याचं एक कारण होतं. पण उमेदवारी पक्की झाल्यावर हिलरी त्या राज्यात एकदाही प्रचाराला गेल्या नाहीत, हे मला जास्त खटकतं. देशभरातही कृष्णवर्णीयांच्या मतदानाचं प्रमाण २०१२ च्या सुमारे ६७ टक्क्यांवरून ६० च्या खाली आलं. ज्यांच्या जिवावर पक्ष उभा आहे त्यांना गृहीत धरलं की असं होतं.

बायडन यांचं उलट झालं. २०२० च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या राज्यवार मतदानात, ते आयोवात चौथे आणि न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आले होते. साउथ कॅरोलायनात खासदार जिम क्लायबर्न यांनी पाठिंबा दिला, तिथल्या कृष्णवर्णीय मतदारांनी त्यांना तारलं आणि नोव्हेंबरमध्ये त्यांना ८ कोटी १२ लाख मतं मिळाली. अमेरिकेच्या इतिहासात तोवर कुणालाही एवढी मतं मिळाली नव्हती. ते ओबामांपेक्षा लाडके होते म्हणून हे झालं असं मला वाटत नाही. ट्रम्पना घालवायचंच, हा निर्धार त्यामागे होता आणि कोविडमुळे टपाली मतदानही सोपं झालं होतं.

२०२४ सगळ्यांत गुंतागुंतीचं. २७ जूनच्या वादचर्चेत बायडन अडखळले आणि २१ जुलैला त्यांनी माघार घेतली. हॅरिस पुढे येताच २४ तासांत ८ कोटी १० लाख डॉलर्सच्या देणग्या जमल्या. मतं मात्र सुमारे साडेसात कोटींवर थांबली. पण सगळीकडे सारखी घट झाली नाही. विस्कॉन्सिनमध्ये हॅरिसना बायडनपेक्षा जास्त मतं मिळाली आणि तरीही त्या सुमारे २९ हजारांनी हरल्या, कारण ट्रम्पची मतं त्याहून वाढली. मोठी गळती झाली ती न्यू यॉर्क, कॅलिफोर्निया, इलिनॉयसारख्या राज्यांत, जिथे निकाल ठरलेला असतो आणि प्रचार फारसा पोचतच नाही. उमेदवार आणि कार्यकर्ते जिथे दारापर्यंत गेले, तिथे मतदार बऱ्यापैकी टिकला.

आमच्या राज्यातलं, अरब अमेरिकी लोकांची मोठी वस्ती असलेलं डिअरबॉर्न शहर मात्र याला अपवाद. गाझाच्या प्रश्नावरून अरब अमेरिकी मतदार संतापले होते. फेब्रुवारीच्या प्रायमरीतच मिशिगनमधल्या एक लाखाहून जास्त मतदारांनी बायडनना मत न देता 'अनकमिटेड' (कुणाही उमेदवाराला पाठिंबा नाही) हा पर्याय निवडला. पक्षाला यापेक्षा स्पष्ट इशारा कुठून मिळणार होता? नोव्हेंबरमध्ये डिअरबॉर्नमध्ये ट्रम्प पहिले आले आणि हॅरिस मागे पडल्या.

हॅरिस यांच्यावर सगळं खापर फोडणं मला अन्यायाचं वाटतं. २०२० च्या शर्यतीतून त्या पहिल्या मतदानाआधीच बाहेर पडल्या होत्या, आणि २०२४ मध्ये प्रायमरी लढवण्याची संधीच त्यांना मिळाली नाही. बायडन यांनी वर्षभर आधी बाजूला व्हायला हवं होतं. मग हॅरिस असोत वा आणखी कुणी, त्या उमेदवाराला मतदारांनी स्वतः निवडलेलं असतं.