जुन्या मॅन्युअल गाडीचे पहिला आणि रिव्हर्स गिअर अडकतात. नाशिकमधला मेकॅनिक गिअरबॉक्स उतरवायचा म्हणतोय. उतरवू का?

एवढ्यात नको. आधी इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून सगळे गिअर टाकून बघा. बंद गाडीत अलगद पडतात आणि चालू गाडीतच अडकतात, तर बहुतेक वेळा दोष क्लच पूर्ण न सुटण्याचा असतो. खात्रीसाठी सपाट, मोकळ्या जागी इंजिन चालू करून, क्लच पूर्ण दाबून पहिला टाका आणि हँडब्रेक सोडा. गाडी पुढे सरकू लागली तर निदान जवळजवळ पक्कं. केबलचा क्लच असेल तर केबल ताणली गेलेली असते, ती अ‍ॅडजस्ट करून किंवा बदलून पाहा. हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारा असेल, तर क्लच ऑइलची पातळी, लाइनमधली हवा आणि क्लचच्या मास्टर व स्लेव्ह या दोन्ही सिलिंडरची गळती तपासा. हे सगळं गिअरबॉक्स न उतरवता होतं, म्हणून मेकॅनिककडे याच क्रमाचा आग्रह धरा.

इंजिन बंद असतानाही कडक लागत असतील, तर गिअर लिव्हरची लिंकेज (लिव्हर गिअरबॉक्सला जोडणारे रॉड किंवा केबल) आणि तिच्या सांध्यांतले झिजलेले बुश बघायला सांगा.

फक्त डिसेंबरातल्या गारठ्यात, पहिली काही मिनिटं त्रास होतो का? मग गिअर ऑइल बदला, ग्रेड गाडीच्या मॅन्युअलमधलाच. एकाच गिअरला, विशेषतः दुसऱ्याला, खरखर होत असेल तर सिंक्रोनायझर रिंग (गिअर पडताना वेग जुळवणारी कडी) झिजली असावी. गिअरबॉक्स खरंच उघडावा लागतो तो अशा वेळी.

आणि नाशिकच्या द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये क्लचवर पाय टेकवून ठेवू नका. सिग्नलला न्यूट्रल करा.