थारला स्किड प्लेट (इंजिनाखालची संरक्षक पत्र्याची प्लेट) आहे, ऑइल बदलताना सगळं तिच्यावर सांडतं. सोपा उपाय काय?

दर वेळी प्लेट काढायची नसेल, तर ड्रेन प्लगच्या (ऑइल काढायच्या तळाच्या बोल्टच्या) जागी ड्रेन व्हॉल्व्ह बसवा. जपानी फुमोटो कंपनीचे व्हॉल्व्ह प्रसिद्ध आहेत. खटका उचलून पाव फेरा फिरवला की ऑइल सुरू, पाना लागत नाही. नळी जोडता येणारा प्रकारच घ्या. नळी प्लेटच्या भोकातून थेट कॅनमध्ये सोडली की ओघळच येत नाही. मात्र आपल्या इंजिनाच्या आट्यांचं माप आधी तपासा. व्हॉल्व्ह प्लेटच्या खाली डोकावत असेल तर अजिबात लावू नका, सह्याद्रीतल्या दगडवाटेवर एका फटक्यात इंजिन कोरडं पडेल. खटक्याला लॉक क्लिप हवीच.

व्हॉल्व्ह नको असेल तर जाड पुठ्ठा पन्हाळीसारखा दुमडून प्लगखाली सरकवा. साध्या प्लगला दर वेळी नवीन वायसर घाला.

ऑइल फिल्टर फिरवून बसवायचा असेल तर तो सैल करून प्लास्टिकची पिशवी चढवा, मग काढा. ऑइल कोमट असावं, चटका बसेल इतकं गरम नको.

जुनं ऑइल गटारात किंवा मातीत ओतू नका, कृपया. कॅन बंद करून अधिकृत रिसायकलरकडे ऑइल पाठवणाऱ्या गॅरेजात द्या.